लोक रद्दीत घालत होते ते कागद राजवाड्यांनी गोळा केले, म्हणून आज मराठ्यांचा इतिहास वाचता येतो

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचे रील्स तुमच्याही फीडवर येत असतील. कुणी जुनी नाणी दाखवतं, कुणी काडेपेट्यांवरची चित्रं, कुणी पहिल्या वर्ल्डकपच्या काळातली क्रिकेटची कात्रणं. खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न असतो, भावा, याची किंमत किती?

अमेरिकेत हा नाद फार जुना आहे. तिथं सिगारेटच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची छोटी चित्रं यायची. १९०९ ते १९११ या काळात तिथल्या एका तंबाखू कंपनीनं काढलेल्या मालिकेत होनस वॅग्नर नावाच्या खेळाडूचं कार्ड होतं. ते फार थोड्या संख्येनं बाहेर आलं. त्यातलं एक कार्ड २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरला विकलं गेलं. त्याच वर्षी मिकी मँटलचं १९५२ सालचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

याउलट १९८० च्या दशकाच्या शेवटी या छंदाची लाट आली. कंपन्यांनी कार्डं वारेमाप छापली आणि लोकांनी ती प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवली. त्यातल्या बहुतेक कार्डांना आज चहाचे पैसेही येत नाहीत. सगळ्यांनी जपलेली गोष्ट स्वस्त राहते आणि सगळ्यांनी फेकून दिलेली गोष्ट अनमोल होते, असा या बाजाराचा साधा नियम आहे.

आता आपल्याकडे या. ज्या १९०९ साली अमेरिकेत ती सिगारेटची कार्डं छापली जात होती, त्याच वर्षी महाराष्ट्रात एका माणसानं जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली होती. तोही जमवाजमव करणाराच होता. पण तो जमवत होता ते जुने कागद. वाळवी लागलेले, उंदरांनी कुरतडलेले आणि घरच्यांनी अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेले.

त्यांचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. लोक त्यांना इतिहासाचार्य म्हणतात. ते कोकणात जन्मले, पुण्यात शिकले, महाराष्ट्रभर फिरले आणि शेवटी आले आपल्या खानदेशात, धुळ्यात.

वर्गात कमी, वाचनालयात जास्त

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा. मूळ गाव वरसई, आताच्या रायगड जिल्ह्यातलं. लहानपणीच वडील गेले आणि पुण्याजवळच्या वडगावला नातेवाइकांच्या आधारानं ते वाढले. थोरले भाऊ वैजनाथ पुढे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले.

१८८२ ला राजवाडे मॅट्रिक झाले. त्यानंतर बी.ए. व्हायला त्यांना आठेक वर्षं लागली. यात पैशाची अडचण होती, तशीच वर्गात बसायची नावडही होती. डेक्कन कॉलेजात असताना तालीम, पोहणं आणि ग्रंथालय यात त्यांचा दिवस जायचा. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा न नेमलेली पुस्तकंच त्यांनी जास्त वाचली. पुढे आपल्या शाळा-कॉलेजच्या अनुभवांवर त्यांनी एक लांबलचक लेख लिहिला आणि त्यात शिक्षकांपासून अभ्यासक्रमापर्यंत सगळ्यांची हजेरी घेतली.

शिक्षण झाल्यावर काही काळ त्यांनी पुण्यात शिक्षकाची नोकरी केली. लग्न झालं होतं, पण १८९२ च्या सुमारास बायको वारली. तेव्हा ते तिशीतही नव्हते. त्या काळी अशा वयात दुसरं लग्न सर्रास व्हायचं. राजवाड्यांनी ते केलं नाही. पुढची चौतीस वर्षं ते एकटे राहिले.

जगातले मोठे ग्रंथ मराठीत यावेत म्हणून त्यांनी भाषांतर नावाचं मासिक काढलं. प्लेटोच्या रिपब्लिकचं मराठी रूपांतर त्यांनी यात छापलं. मासिक तीनेक वर्षं चाललं आणि बंद पडलं. पण तोवर त्यांना आयुष्यभर पुरेल असं दुसरं काम सापडलं होतं.

वाईच्या घरात सापडलेलं पानिपत

वाईतल्या एका जुन्या घरात कागदांचा मोठा साठा त्यांच्या हाती लागला. तो होता पेशवाईतला पत्रव्यवहार. त्यातली कितीतरी पत्रं पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांतली होती.

तोपर्यंत पानिपत म्हणजे बखरी, पोवाडे आणि इंग्रजांनी लिहिलेली पुस्तकं. मराठ्यांचा इतिहास वाचायचा तर ग्रँट डफ वाचायचा, अशी परिस्थिती होती. बखरी लढाईनंतर कधीतरी लिहिलेल्या, त्यामुळे त्यांत ऐकीव गोष्टींची भर पडलेली. इथं मात्र समोर होती त्या दिवसांत, त्या माणसांनी लिहिलेली पत्रं. फौज कुठं आहे, धान्य किती उरलंय, खर्चाला पैसा कुठून येणार, कोण वेळेवर येत नाहीये. थोडक्यात त्या काळातलं चॅट बॅकअप म्हणा.

१८९८ साली राजवाड्यांनी ही पत्रं छापली. पुस्तकाचं नाव मराठ्यांच्या इतिहासाची साधने, खंड पहिला. यातली पत्रं १७५० ते १७६१ या काळातली होती आणि सुरुवातीला राजवाड्यांची भलीमोठी प्रस्तावना. या मालिकेचे पुढे एकूण २२ खंड निघाले. एका माणसाच्या उभ्या जन्माचा हा हिशेब आहे.

कागद शोधायला एवढी पायपीट का?

साहजिक प्रश्न पडतो, सरकारकडे कागद नव्हते का? होते, आणि ढिगानं होते. पेशव्यांचं दप्तर इंग्रजांच्या ताब्यात पुण्यातच होतं. पण त्याची दारं अभ्यासकांसाठी उघडी नव्हती. त्या दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापून आले ते १९३० नंतर, गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली. तेव्हा राजवाडे हयात नव्हते.

मग उरली लोकांची घरं. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, सरदार, सावकार, मठ, देवस्थानं. ज्यांच्याकडे कधीकाळी वतन किंवा कारभार होता त्यांच्याकडे कागद असणारच, असा हिशेब. कपड्यात बांधलेल्या या गठ्ठ्यांना रुमाल म्हणायचे. असे रुमाल माळ्यावर, बळदात, देवघराच्या फडताळात पडून असायचे.

पण ते बघायला मिळणं सोपं नव्हतं. १८५० च्या दशकात इंग्रजांनी इनाम कमिशन नेमून लोकांच्या इनामांचे पुरावे तपासले होते आणि कितीतरी इनामं खालसा केली होती. त्याची धास्ती घराघरात बसलेली. अनोळखी माणूस दारात येऊन जुने कागद मागतोय म्हटल्यावर वतन जाईल, भाऊबंदकीचा दावा उभा राहील, ही भीती पहिली यायची. काहींना तर कागदांत गुप्तधनाचा पत्ता असेल असं वाटायचं.

दुसरीकडे ज्यांना भीती नव्हती त्यांना किंमतही नव्हती. मोडी वाचणारी पिढी संपत चालली होती. नातवाला आजोबांचं अक्षर लागत नव्हतं. मग ते कागद वाण्याकडे पुड्या बांधायला जायचे, बंबात जायचे, नाहीतर नदीत सोडले जायचे.

राजवाडे या दोन्हींच्या मधून वाट काढत फिरले. बरंचसं पायी. स्वयंपाक स्वतःच्या हातानं. राहायला मिळेल तिथं, मंदिरात किंवा कुणाच्या पडवीत. ना पगार, ना शिष्यवृत्ती. एखाद्या घरी पुन्हा पुन्हा खेटे घालायचे, मालकाची समजूत काढायची, कागद तिथंच बसून उतरून घ्यायचे किंवा मिळाले तर सोबत न्यायचे.

कागद मिळाला म्हणजे काम झालं, असं नाही

मोडीत ओळ लिहिताना बोरू शक्यतो उचलत नाहीत. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. वाक्य कुठं संपलं ते आपणच ठरवायचं. त्यात शब्द अर्धेमुर्धे लिहायची पद्धत.

सगळ्यात मोठी अडचण तारखेची. त्या काळच्या पत्रांत तारीख चांद्र महिन्यानं लिहिलेली असते. रबिलावल, जमादिलाखर, रमजान अशी महिन्यांची नावं. वर्ष लिहिलंच तर ते अरबी आकड्यांच्या शब्दांत, सुहूर सनाचं. पण कितीतरी पत्रांत वर्ष नसतंच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते माहीत असायचं, मग लिहायचं कशाला? आपणही मेसेज करताना वर्ष कुठं लिहितो?

म्हणजे पत्रात आलेली माणसं, मुक्कामाची गावं, लढाईचे उल्लेख जुळवून ते पत्र नेमकं कोणत्या वर्षाचं हे ठरवायचं. एक पत्र चुकलं की पुढचं सगळं गणित चुकणार. राजवाडे हे काम शेकडो पत्रांसाठी करत होते, हाताशी तयार कोष्टकं आणि सूची फारशा नसताना.

लिप्या उलगडण्याचा त्यांना नादच होता. महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले होते. बाहेरच्या माणसाला ते वाचता येत नसत. १९१० च्या सुमारास राजवाड्यांनी त्यातली सकळ लिपी उलगडली आणि मराठीच्या सुरुवातीच्या गद्याचा मोठा खजिना अभ्यासकांपुढे खुला व्हायला मदत झाली.

ज्ञानेश्वरीची गोष्टही अशीच. बीड भागात त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांनी शुद्ध केलेल्या प्रतीच्याही आधीची आहे असं त्यांचं मत होतं. १९०९ साली त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेचं व्याकरणही लिहिलं. पोथीच्या जुनेपणावर पुढे बरेच वाद झाले. मूळ पोथी मात्र नंतरच्या अभ्यासकांना पाहायला मिळाली नाही. आज आपल्याकडे आहे ते राजवाड्यांनी छापलेलं रूप. १९६० साली महाराष्ट्र सरकारनं ज्ञानेश्वरी काढली तेव्हा याच पाठाचा आधार घेतला.

जमवणाऱ्यांचा सुवर्णकाळ

राजवाडे यात एकटे नव्हते. १८७८ साली काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी काव्येतिहाससंग्रह सुरू केला होता. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातले कागद ऐतिहासिक लेखसंग्रहातून छापत होते. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस कागद, चित्रं, नाणी असं सगळंच जमवत होते.

पारसनीस आणि राजवाडे ही दोन टोकं. पारसनीसांची ऊठबस संस्थानिकांत आणि इंग्रज अधिकाऱ्यांत. त्यांचा संग्रह नीट मांडायला साताऱ्यात संग्रहालय उभं राहिलं. राजवाड्यांना सरकारदरबारी जायचंच नव्हतं. इंग्रजी उत्तम येत असूनही त्यांनी लिहायचं ते मराठीतच असं ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं. त्याची किंमतही मोजली. महाराष्ट्राबाहेर त्यांचं काम बराच काळ पोहोचलंच नाही.

७ जुलै १९१० ला त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासोबत पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केलं. एकेकट्यानं कागद जमवून भागणार नाही, माणूस गेला की संग्रह विखुरतो, म्हणून संस्था हवी. आज मराठ्यांच्या इतिहासावर काम करणारा कुणीही या मंडळात गेल्याशिवाय राहत नाही.

पण संस्था काढणारे राजवाडे स्वतः संस्थेत रमणारे नव्हते. स्वभाव तापट, मतं ठाम, आणि माघार घ्यायची सवय नाही. मतभेद झाले आणि आपणच काढलेल्या मंडळापासून ते दूर झाले.

राजवाडे चुकले ते कुठं?

राजवाड्यांचं नाव आज आदरानं घेतलं जातं, पण त्यांच्यावरचे आक्षेपही खरे आहेत. कागद छापण्यात ते जितके काटेकोर, तितके निष्कर्ष काढताना बेधडक. पानिपतच्या पराभवासाठी त्यांनी गोविंदपंत बुंदेले आणि होळकरांना जबाबदार धरलं. पुढच्या अभ्यासकांनी तो निष्कर्ष जसाच्या तसा मान्य केला नाही. संतांनी समाजाला निष्क्रिय केलं आणि रामदासांनी जागं केलं, अशी त्यांची मांडणी होती. तीही अनेकांनी खोडून काढली.

जातीचा अभिमान त्यांच्या लिखाणात उघड दिसतो. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यावरून मोठा वाद पेटला. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्याला उत्तर म्हणून १९१८ साली कोदंडाचा टणत्कार हे पुस्तक लिहिलं. विशेष म्हणजे प्रबोधनकारही पुरावे घेऊनच उभे राहिले. कागदाला कागदानंच उत्तर.

आणि हेच राजवाडे परंपरेवाल्यांनाही झोंबले. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरच्या लेखांत त्यांनी प्राचीन काळातल्या स्त्री-पुरुष संबंधांबद्दल जुन्या ग्रंथांच्या आधारानं असं काही मांडलं की सनातनी मंडळी खवळली. कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारख्या मार्क्सवाद्यांना मात्र ते लिखाण मोलाचं वाटलं. एकच माणूस दोन्ही बाजूंना अडचणीचा ठरला.

म्हणून त्यांचे निष्कर्ष बाजूला ठेवले तरी चालतं. त्यांनी छापलेले कागद बाजूला ठेवता येत नाहीत. राजवाड्यांना खोडून काढायचं तरी राजवाड्यांचेच खंड उघडावे लागतात.

शेवटचा मुक्काम धुळे

१९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे आताचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. इतिहासाच्या बाबतीत हा भाग काही कोरडा नव्हता. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. आणि धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतली जुनी हस्तलिखितं जमवण्याचं काम हाती घेतलं होतं. कागदाच्या मागं लागलेल्या माणसाला असं गाव आपलं वाटलं नसतं तरच नवल.

वकील भास्कर वामन भट यांच्यासारखी कागदांची किंमत कळणारी माणसंही इथं होती. पुण्याशी बिनसल्यावर राजवाड्यांना असाच आधार हवा होता. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते पांझरेकाठच्या या शहरात राहिले.

तोवर त्यांचं लक्ष कागदांकडून शब्दांकडे वळलं होतं. गावांची नावं कशी पडली, आडनावं कुठून आली, मराठी क्रियापदांचं मूळ कशात आहे. त्यांच्या मते गावाचं नाव हाही एक दस्तऐवजच होता, फक्त तो माळ्यावर नाही तर लोकांच्या तोंडात ठेवलेला. १९२२ साली त्यांनी शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीचा राधामाधवविलासचंपू हा ग्रंथ छापला. दोन वर्षांनी महिकावतीची बखर आली.

३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात राजवाडे वारले. वय ६३. मागं बायको नाही, मूल नाही, मालमत्ता म्हणावी असं काही नाही. होते ते कागद, पोथ्या, टिपणं आणि अर्धवट राहिलेले शब्दकोश. पारसनीसही त्याच वर्षी गेले.

इथं खरा पेच होता. मालक गेल्यावर संग्रहाचं काय होतं हे राजवाड्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. दुसऱ्यांच्या आजोबांचे कागद वाण्याच्या दुकानातून त्यांनी वाचवले होते. आता त्यांचेच कागद बेवारस पडले होते.

धुळेकरांनी ते होऊ दिलं नाही. १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मोठं सरकारी अनुदान नाही, कुणा संस्थानिकाचं पाठबळ नाही. पुढे संशोधक हे नियतकालिक निघालं. राजवाड्यांनी टिपणांत ठेवलेला धातुकोश १९३७ साली छापून झाला. नंतर मंडळानं त्यांचं समग्र साहित्य १३ खंडांत बाहेर काढलं. आज मंडळाच्या संग्रहात हस्तलिखितांसोबत शिल्पं, नाणी, ताम्रपटही आहेत. साने गुरुजींनीही राजवाड्यांवर चरित्रपर लिखाण केलं. तेव्हा गुरुजी आपल्या अमळनेरचेच.

तुमच्या माळ्यावर काय आहे?

धुळे-जळगावच्या जुन्या घरांत, नंदुरबारपासून रावेरपर्यंत, आजही मोडी कागद आहेत. घर पाडून फ्लॅट बांधताना ट्रंका निघतात. विकायला काढले तर एका कागदाचे फार पैसे येणार नाहीत, आणि म्हणूनच ते भंगारात जातात.

तुमच्याकडे असे कागद निघाले तर चार गोष्टी करा. लॅमिनेशन करू नका, त्यानं कागद कायमचा जातो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. कडक उन्हात वाळवू नका. आणि गठ्ठा ज्या क्रमानं बांधलेला आहे तो क्रम मोडू नका, कारण शेजारचा कागद कितीदा तारखेचा पत्ता सांगतो. आधी मोबाइलवर नीट फोटो काढा, मग मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा. धुळ्यात राजवाडे मंडळ आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मूळ कागद द्यायचाच असा काही नियम नाही, वाचू दिला तरी पुष्कळ आहे.

राजवाड्यांना एका घरी हेच सांगायला कितीतरी खेटे घालावे लागायचे. आता तर खिशात कॅमेरा आहे.